पाऱ्याची गोष्ट

संगणकाचा मोठा प्रोग्राम एकटा माणूस लिहीत नाही. शंभर जण एकाच मजकुरावर हात चालवतात, तेव्हा कोणती ओळ कोणी, कधी, का बदलली याची नोंदवही लागते. मी नोकरीला लागलो तेव्हा ही वही ऑफिसातल्या एकाच सर्व्हरवर असे. तो बंद पडला की आम्ही सगळे चहाला!

लिनक्सची मंडळी २००२ पासून 'बिटकीपर' वापरत. त्यात प्रत्येकाजवळ वहीची संपूर्ण नक्कल, मागच्या सगळ्या नोंदींसकट. पण बिटकीपर एका कंपनीच्या मालकीचं, आणि फुकट वापराला अटी. अँड्र्यू ट्रिजेल यांनी त्याच्याशी बोलणारा स्वतःचा प्रोग्राम लिहायला घेतला. मालक लॅरी मॅकव्हॉय बिथरले आणि एप्रिल २००५ मध्ये फुकट वापर बंद होणार असं जाहीर झालं. जगभरच्या माणसांचं काम एका परवान्याला टांगलेलं होतं, ते असं उघडं पडलं.

लिनस टोरवाल्ड्स यांनी ३ एप्रिलला 'गिट' लिहायला घेतलं. चार दिवसांत गिटच्या नोंदी गिटमध्येच होऊ लागल्या. ही कथा पुष्कळांना ठाऊक असते. त्याच महिन्यात, १९ एप्रिलला, त्याच अडचणीतून जन्मलेलं दुसरं भावंड मात्र विसरलं जातं. ते ऑलिव्हिया मॅकॉल यांचं 'मर्क्युरिअल'. मर्क्युरी म्हणजे पारा. म्हणून आज्ञा देताना पाऱ्याची रासायनिक खूण, 'एचजी', एवढी दोनच अक्षरं टाइप करायची. गिट अंगवळणी पडायला मला महिना लागला. मर्क्युरिअल एका दुपारीत आलं.

लिनक्सने गिट घेतलं. मोझिलाने २००७ मध्ये आणि पायथॉनने २०११ मध्ये मर्क्युरिअल स्वीकारलं. पण २००८ मध्ये गिटहब सुरू झालं, आणि गर्दी जिकडे तिकडेच नवा माणूस जाणार. गुणांचा निवाडा तिथे झाला असं मला वाटत नाही. २०१७ मध्ये पायथॉन गिटकडे वळलं, २०२० मध्ये बिटबकेटने मर्क्युरिअलची सोय बंद केली, २०२३ मध्ये मोझिलानेही गिटचा निर्णय जाहीर केला.

मीही माझं काम २०२० मध्येच हलवलं. वही पूर्ण माझ्याजवळ होती, त्यामुळे कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत. सगळ्या नोंदी तारखांसकट आल्या. रात्री दोन वाजता लिहिलेली 'चूक दुरुस्त, पुन्हा एकदा' हीसुद्धा. बोटं मात्र अजून 'एचजी'च टाइप करतात.