आठवड्याची गोळी

१९२८ साली ल्यूसी विल्स या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गिरण्यांत काम करणाऱ्या स्त्रियांना गरोदरपणी होणाऱ्या गंभीर रक्तक्षयाचे कारण त्यांना शोधायचे होते. लोहाच्या कमतरतेत तांबड्या पेशी लहान होतात. या स्त्रियांच्या पेशी मात्र नेहमीपेक्षा मोठ्या होत्या. यीस्टपासून बनवलेला मार्माइट हा अर्क दिल्यावर हा आजार बरा होतो, असे विल्स यांनी १९३१ साली प्रसिद्ध केले. त्यातला गुणकारी पदार्थ पुढे फोलिक आम्ल म्हणून ओळखला गेला. हे ब गटातले एक जीवनसत्त्व आहे.

पेशीचे विभाजन होण्यापूर्वी तिच्यातील डीएनएची प्रत तयार व्हावी लागते. त्या कामी फोलिक आम्ल लागते. रक्ताच्या कर्करोगात पांढऱ्या पेशी बेसुमार वाढतात. मग त्यांचे फोलिक आम्लच तोडले तर? बोस्टनचे डॉ. सिडनी फार्बर यांनी हा विचार केला. अमेरिकेतील लेडर्ले प्रयोगशाळेत आंध्रातील भीमवरमचे यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या मार्गदर्शनाखाली फोलिक आम्लाशी मिळतेजुळते, पण त्याचे काम अडवणारे पदार्थ तयार होत होते. त्यांपैकी अमिनोप्टेरिन फार्बर यांनी आजारी मुलांना दिले. १९४८ सालच्या त्यांच्या निबंधानुसार १६ पैकी १० मुलांत सुधारणा दिसली. ती तात्पुरती होती, पण या रोगावर औषध चालते हे प्रथमच दिसले. त्याचेच भावंड असलेले मेथोट्रेक्सेट आज गोळीच्या रूपातही मिळते.

हे औषध काम कसे करते? त्याची रचना फोलिक आम्लासारखी असल्याने पेशीतला एक विकर फसतो आणि त्यालाच घट्ट धरून बसतो. विभाजन थांबते. पण हा विकर निरोगी पेशींतही असतो. अस्थिमज्जा, तोंड आणि आतड्याचे अस्तर यांतील पेशी सतत विभागत असतात, म्हणून त्यांनाही फटका बसतो. मधले दिवस मोकळे मिळाले तर त्या सावरतात. तोंडाने घेण्याचे मेथोट्रेक्सेट म्हणूनच सहसा आठवड्यातून एकदाच देतात.

नेमकी इथेच चूक होते. रक्ताच्या कर्करोगाच्या काही मुलांना मर्कॅप्टोप्युरिन रोज आणि मेथोट्रेक्सेट आठवड्याला असे घ्यावे लागते. १९८८ साली अमेरिकेत हे औषध सांधेवातासाठीही मान्य झाले, तेव्हा ते आजी-आजोबांच्या डब्यातही आले. इतर गोळ्या रोजच्या, म्हणून हीही रोज घेतली गेली आणि रुग्ण दगावले, असे अनेक देशांत घडले आहे. २०१९ साली युरोपच्या औषध नियंत्रण संस्थेने वेष्टनावर ठळक इशारा आणि चिठ्ठीवर वार लिहिण्याची शिफारस केली.

आपण काय करू शकतो? वार ठरवून दिनदर्शिकेवर खूण करावी. गोळी २.५ मिलिग्रॅमची की १० ची, हे प्रत्येक वेळी वाचावे. गोळी कुटू किंवा तोडू नये आणि गरोदर स्त्रीने तिला हात लावू नये. चुकलेली गोळी पुढच्या वेळी दुप्पट करून भरून काढू नये, डॉक्टरांना विचारावे. वेदनाशामक गोळ्या, कोट्रायमॉक्साझोल हे प्रतिजैविक, इतकेच काय, फोलिक आम्लाची गोळीसुद्धा त्यांना विचारूनच घ्यावी. तोंडात फोड, ताप, अंगावर काळेनिळे डाग दिसले तर त्याच दिवशी दाखवावे. चुकून जास्त गोळ्या पोटात गेल्या तर लक्षणांची वाट न पाहता ताबडतोब रुग्णालयात न्यावे. तिथे उतारा म्हणून फोलिनिक आम्ल देतात. जीवनसत्त्वाचाच हा प्रकार अडवलेली वाट वगळून पेशीपर्यंत पोचतो.

पेशीविभाजनाचा धडा शिकवताना हा इतिहास जरूर सांगावा. औषध आठवड्यातून एकदाच का, हे ज्या मुलाला कळले आहे, ते घरातली चिठ्ठी नीट वाचून दाखवू शकेल.