म्हणशील तो तू

“कोण रे?”
“मी १००१.”
“बरं, ये आत.”

युनिक्सच्या दोन मशीन्स एनएफएसवरून फाइल्स शेअर करतात, तेव्हा त्यांच्यात साधारण एवढंच बोलणं होतं. एनएफएस म्हणजे नेटवर्क फाइल सिस्टिम. फाइल्स दुसऱ्या मशीनच्या डिस्कवर असतात, पण तुम्हाला आपल्याच फोल्डरात दिसतात. सन मायक्रोसिस्टिम्सने ही करामत १९८४च्या सुमारास घडवली. विनोद खोसला हे या कंपनीच्या चार संस्थापकांपैकी एक.

युनिक्स तुम्हाला नावाने नाही, आकड्याने ओळखतं. तो आकडा म्हणजे यूआयडी. एकाच मशीनवर हे ठीक, कारण पासवर्ड तपासणारं आणि फाइल देणारं मशीन तेच. एनएफएसमध्ये पासवर्ड क्लायंट तपासतो आणि सर्व्हरला नुसता आकडा कळवतो. सर्व्हर तो खरा धरतो.

मी घरी दोन व्हर्च्युअल मशीन्सवर हे करून पाहिलं. क्लायंटवर मी रूट होतो, पण सर्व्हरपुढे रूटचं काही चाललं नाही. ‘रूट स्क्वॉश’ नावाची सोय शून्य क्रमांकाच्या रूटला ‘नोबडी’ करून टाकते. मग मी क्लायंटवर १००१ क्रमांकाचा युझर तयार केला आणि सर्व्हरवरच्या १००१च्या खासगी फाइल्स सरळ वाचल्या. राजाला दारात अडवलं, पण तो प्रजेचे कपडे घालून आला तर?

बनवणारे बावळट नव्हते. तेव्हा वर्कस्टेशन्स महाग होती आणि रूटचा पासवर्ड अ‍ॅडमिनपाशी असायचा. १०२४च्या खालचे पोर्ट फक्त रूटला वापरता येत, म्हणून तिथून आलेली विनंती प्रामाणिक मानली जाई. पुढे पीसी आले, लॅपटॉप आले आणि जो तो आपापल्या मशीनचा रूट झाला.

उपाय झाले. सनने डिफी-हेलमन पद्धतीवर सिक्युअर एनएफएस आणलं, पण त्यातली मूळ संख्या फक्त १९२ बिटांची होती. ते गणित फोडता येतं हे लामाकिया आणि ओडलिझ्को यांनी १९९१मध्ये दाखवलं. २००० साली आलेल्या चौथ्या आवृत्तीने एमआयटीत जन्मलेल्या केर्बेरॉसची सोय ठेवणं सक्तीचं केलं, ती वापरणं नाही.

म्हणूनच लिनक्सवर वेगळं काही सांगितलं नाही, तर आजही जुनाच भाबडा प्रकार चालू होतो. तुमच्याकडे एनएफएस सर्व्हर असेल तर त्याची एक्सपोर्ट्स फाइल उघडा. केर्बेरॉसचा उल्लेख नसेल, तर तुमच्या फाइल्सची राखण समोरच्याच्या शब्दावर चालली आहे.