स्नायूंचा निरोप

वऱ्हाडच्या व्यायामपरंपरेचा इतिहास लिहितांना आपण संस्था, सामने आणि मल्ल यांची गणना करतों. परंतु त्या परंपरेनें उराशीं बाळगलेल्या एका समजुतीलाही इतिहास आहे. ती समजूत अशी कीं, व्यायामानें केवळ दंड-मांड्याच भरत नाहींत, तर साऱ्या देहास रोगाशीं व इजेशीं झुंजण्याचें बळ येतें.

जुन्या वऱ्हाड प्रांताच्या चार जिल्ह्यांपैकीं बुलढाणा हा पश्चिमेकडील. त्याच प्रांतांत अमरावती येथें १९१४ सालीं अंबादासपंत व अनंतराव वैद्य या बंधूंनीं श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापिलें. १९३६ सालीं मंडळाच्या पथकानें बर्लिन येथें ऑलिंपिकच्या प्रसंगीं देशी खेळ करून दाखविले. तालमीचा वस्ताद हा पुष्कळदां मुरगळलेला हातपाय बसविणाराही असे. व्यायाम व उपचार एकाच मातींत नांदत होते. परंतु श्रम करावे बाहूंनीं व पायांनीं, आणि लाभ व्हावा हृदयास, फुप्फुसास व यकृतास, हें कसें घडतें, याचें उत्तर तेव्हां कोणाजवळही नव्हतें.

तें हळूहळू सांपडलें. आकुंचन पावणारा स्नायू रक्तांत कांहीं पदार्थ सोडीत असावा, असा तर्क १९६१ सालीं पुढें आला. २००० सालीं कोपनहेगन येथील संशोधकांनीं कांहीं तरुणांकडून एकाच पायाचा व्यायाम करविला. तेव्हां इंटरल्यूकिन-६ नांवाचें प्रथिन श्रमणाऱ्या पायांतून बाहेर पडतांना आढळलें. अशा प्रथिनांस २००३ सालीं बेंटे पेडरसन यांनीं ‘मायोकाइन’ असें नांव दिलें. आपण त्यांस स्नायुदूत म्हणूं. २०१२ सालीं हार्वर्ड येथें सांपडलेल्या दूतास आयरिसिन म्हणतात. ग्रीक पुराणांतील निरोप्या देवतेचें, आयरिसचें, नांव त्यास मिळालें आहे. मनुष्याच्या रक्तांत तें आहे कीं नाहीं, यावर वाद माजला. २०१५ सालीं सूक्ष्म वजनमापनानें तें आढळल्यावर तो बराचसा शमला.

हे दूत करतात तरी काय? प्राणवायु जीवनदाता खरा. पण त्याचे कांहीं उग्र अंश पेशींस जाळतात. हा दाह पेशींच्या प्रतिकाराहून वरचढ झाला, म्हणजे त्यास ऑक्सिडीकरणाचा ताण म्हणतात. एखाद्या अवयवाचा रक्तपुरवठा तुटून पुन्हा सुरू झाला, कीं परतणाऱ्या प्राणवायूनेंच तेथें नवी इजा होते. उंदरांवरील प्रयोगांत आयरिसिन दिलें असतां फुप्फुसाची व हृदयाची अशी इजा कमी झाल्याचें दिसलें. कारण पेशींचे स्वसंरक्षणाचे उपाय त्यामुळें जागे होतात. मात्र उंदरावरून मनुष्याविषयीं निर्णय देणें हें घाईचें होय.

येथेंच प्रमाणाचा प्रश्न उपस्थित होतो. १९८२ सालीं कॅलिफोर्नियांत उंदरांस थकून पडेपर्यंत धावविलें, तेव्हां त्यांच्या स्नायूंत दाहक अंश दुप्पट-तिप्पट वाढले. मग दाहशामक गोळ्या घ्याव्या काय? २००९ सालीं जर्मनींत व्यायाम करणाऱ्या तरुणांस ‘क’ व ‘ई’ जीवनसत्त्वें भरपूर दिलीं, तों इन्सुलिनच्या कार्यास व्यायामापासून होणारा लाभच नाहींसा झाला! थोडा दाह हाच शरीराचा गुरु आहे. त्यास हुसकावलें तर धडाही बुडतो.

सुश्रुत व वाग्भट यांनीं अर्ध्या शक्तीनेंच व्यायाम करावा, असें सांगितलें आहे. त्यांस हीं प्रथिनें ठाऊक होतीं, असें म्हणणें हास्यास्पद ठरेल. परंतु अतिश्रमाचे दोष त्यांनीं डोळ्यांनीं पाहिले होते. आजही बुलढाणा जिल्ह्यांत कोणी दिवसभर खुर्चीवर बसून असतो, तर कापूस वेंचणारी बाई दिवसभर वाकून थकते. एकास श्रमाची, दुसरीस विश्रांतीची उणीव आहे. सुशिक्षित कुटुंबांनीं तालमींचा अभिमान अवश्य बाळगावा. पण हा निरोप दुसऱ्याच्या स्नायूंकडून आपल्या हृदयास पोंचत नाहीं, हेंही विसरूं नये.