मिशिगनने उतरविलेला फास

२४ सप्टेंबर १८३० रोजी अमेरिकेच्या मिशिगन प्रांतात, डेट्रॉइट येथे, स्टीफन सिमन्स या खानावळवाल्यास जाहीरपणे फाशी देण्यात आली. मद्याच्या धुंदीत त्याने पत्नीचा जीव घेतला होता. शेरीफने हे काम नाकारले, तेव्हा एका हॉटेलमालकाने ते पत्करले. प्रेक्षकांसाठी बाके मांडली, वाद्यवृंद आणविला.

सिमन्सच्या अपराधाविषयी शंका नव्हती. तरीही त्या सोहळ्याची शरम लोकांच्या मनातून गेली नाही. मिशिगनच्या कायद्यान्वये दिलेली ती अखेरची फाशी ठरली. १८४६ मध्ये तेथील विधिमंडळाने खुनासाठी देहान्त शिक्षा रद्द केली. इंग्रजीभाषक जगात हे पाऊल प्रथम याच राज्याने टाकले. १९३८ मध्ये संघराज्याच्या कायद्याने तेथे एकास फाशी झाली. ती अन्यत्र द्यावी, ही गव्हर्नर मर्फी यांची विनंती व्यर्थ गेली. राजद्रोहाचा अपवाद तेवढा उरला होता. तो १९६३ च्या संविधानाने पुसला.