एअर रायफल : शिकारीसाठी कॅलिबरची निवड

कॅलिबर म्हणजे नळीचा आतला व्यास. ऑलिंपिक नेमबाजीत चालणारा 4.5 मिमीचा छर्रा जेमतेम अर्ध्या ग्रॅमचा असतो. कागदी लक्ष्याला तो पुरतो, 5.5 मिमीचा सशापर्यंत. रानडुकरासारख्या हावेलिनावर किंवा हरणावर असा छर्रा झाडणे म्हणजे निव्वळ क्रौर्य, कारण जनावर मरत नाही, जखमी होऊन झाडीत शिरते आणि तडफडत राहते.

टेक्सास राज्याने 2018 मध्ये या दोन्ही प्राण्यांसाठी एअर रायफलला मुभा दिली, पण अटी कडक ठेवल्या: किमान 0.30 इंच कॅलिबर आणि नळीतून सुटताना किमान 215 फूट-पाउंड, म्हणजे सुमारे 290 जूल ऊर्जा. सुमारे 9.7 ग्रॅमची गोळी सेकंदाला 244 मीटर वेगाने सुटली तरी नियमात बसते. स्प्रिंगच्या बंदुकीला हे झेपत नाही. आधीच दाबून भरलेल्या हवेची टाकीच लागते.

ही युक्ती जुनी आहे. अठराव्या शतकाच्या अखेरीस ऑस्ट्रियन सैन्याकडे असलेल्या जिरार्डोनी रायफलीचा दस्ता म्हणजेच हवेची टाकी होती.

नुसते कॅलिबर मोठे असून भागत नाही. जड गोळी लवकर खाली झुकते, म्हणून अंतर कमी ठेवून नेम हृदय-फुप्फुसांवरच धरावा लागतो.

भारतात वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 नुसार वन्यप्राण्यांच्या शिकारीवर बंदी आहे. एअर रायफलही त्याला अपवाद नाही.