मुठेल: रातांब्याच्या बीपासून सनस्क्रीनपर्यंत

रत्नागिरी जिल्ह्यात रातांबे, म्हणजे कोकमाची फळे, एप्रिल-मेमध्ये पिकतात. सालीची आमसुले होतात, रसाचे आगळ होते आणि बिया उरतात. या बियांचे घट्ट तेल म्हणजे मुठेल किंवा कोकमतेल. गोव्याकडे त्यालाच भिरंडेल म्हणतात.

मुठेल काढण्याची जुनी रीत घरगुती आहे. बिया खडखडीत वाळवून फोडतात, आतला गर कुटून पाण्यात उकळतात आणि वर आलेले तेल काढून घेतात. निवताना ते घट्ट होऊ लागले की मुठीत आवळून त्याचे लांबट गोळे करतात. थंडीत गोळ्याचा तुकडा गरम करून पायांच्या भेगांत भरतात, फुटलेल्या ओठांना लावतात. हे तेल ३९ ते ४२ अंश सेल्सिअसला वितळते, म्हणून कोकणच्या हवेतही ते घट्ट राहते. फ्लुकिगर आणि हॅनबरी यांच्या १८७४ च्या ‘फार्माकोग्राफिया’ या ग्रंथात त्याची स्वतंत्र नोंद आहे.

सनस्क्रीनचा उगम मात्र रसायनशाळेतला. १९२८ मध्ये अमेरिकेत बेंझिल सॅलिसिलेट आणि बेंझिल सिनामेट ही संयुगे असलेले मलम विक्रीला आले. १९३० च्या दशकात फ्रान्समध्ये यूजीन श्यूलर यांच्या लॉरिआल कंपनीने बेंझिल सॅलिसिलेट घातलेले तेल बाजारात आणले. पुढे अतिनील-बी किरणांसाठी मेथॉक्सिसिनामेट आणि अतिनील-ए किरणांसाठी अ‍ॅव्होबेन्झोन असे वेगवेगळे फिल्टर रुळले.

आजच्या अनेक क्रीममध्ये कोकमतेल आणि हे फिल्टर एकत्र येतात, पण दोघांची कामे वेगळी आहेत. कोकमतेलात मुख्यतः स्टिअरिक आणि ओलेइक आम्ले असतात. ती अतिनील किरण फारसे शोषत नाहीत. ते काम फिल्टरच करतात. कोकमतेल क्रीमला घट्टपणा देते, त्वचेतला ओलावा टिकवते आणि तिला मऊ ठेवते. त्यामुळे ‘वनस्पतिजन्य’ या शब्दावरून उन्हापासूनचे संरक्षण ठरत नाही. ते प्रयोगशाळेत मोजावे लागते, आणि एसपीएफच्या चाचणीत त्वचेच्या दर चौरस सेंटिमीटरला २ मिलिग्रॅम क्रीम लावलेले असते.

दापोलीच्या १९७२ मध्ये स्थापन झालेल्या कोकण कृषी विद्यापीठाने ‘कोकण अमृता’ आणि ‘कोकण हातीस’ या कोकमाच्या जाती दिल्या. आमसुलाच्या धंद्यात दुय्यम ठरलेल्या बीला सौंदर्यप्रसाधनांमुळे आता स्वतःचे गिऱ्हाईक मिळाले आहे.