नहुश्तान : एका वचनाचा इतिहासार्थ



याच वास्तूत आपण सर्वजण वाचावयास शिकलो. म्हणून आजच्या स्मृतिव्याख्यानासाठी मी एखादा विस्तीर्ण विषय न घेता एकच प्राचीन वचन निवडले आहे. हिब्रू बायबलातील ‘राजे’ या ग्रंथाच्या दुसऱ्या भागातील, अठराव्या अध्यायातील हे चौथे वचन होय. इसवी सनापूर्वी आठव्या शतकाच्या उत्तरार्धात यहूदाच्या गादीवर आलेल्या हिज्कीया राजाने केलेली धर्मसुधारणा त्यात सांगितली आहे. धर्मग्रंथातील एका वाक्याकडून इतिहासाने किती मागावे आणि किती मागू नये, हा आपल्यापुढील प्रश्न आहे.

वचनात चार कृती आहेत. राजाने उच्चस्थाने काढून टाकली, उभे पूज्य पाषाण फोडले, अशेरेचे काष्ठ तोडले आणि मोशेने घडविलेल्या सर्पाचे तुकडे केले. यांतील ‘उच्चस्थान’ हा शब्द फसवा आहे. तेथे परक्या देवांचीच पूजा होत असे, असा आपला सहज समज होतो. परंतु गावोगावचे लोक आपल्याच परमेश्वराला तेथे बळी अर्पण करीत असत. म्हणजे राजाचा घाव परधर्मावर तर होताच, पण स्वधर्मातील जुन्या, घरच्या रूढीवरही होता.

चौथी कृती तर अधिकच विलक्षण आहे. अरण्यातील प्रवासात सर्पदंशाने लोक मरू लागले, तेव्हा मोशेने ईश्वराज्ञेने धातूचा सर्प करून खांबावर लावला आणि त्याकडे पाहणारा वाचला, अशी कथा ‘गणना’ या ग्रंथाच्या एकविसाव्या अध्यायात आहे. जी वस्तू ईश्वराज्ञेने घडली, तीच पुढे लोक धूप जाळून पूजू लागले म्हणून एका धर्मनिष्ठ राजाने फोडली. अशी सर्पप्रतिमा त्या प्रदेशाला अपरिचित नव्हती. तिम्ना येथील तांब्याच्या खाणींजवळच्या एका देवस्थानात १९६९ साली सोनेरी मुलामा दिलेल्या डोक्याचा तांब्याचा छोटा सर्प उत्खननात मिळाला. तो मोशेचा नव्हे, हे सांगावयास नको. पण कथेमागील धार्मिक वातावरण त्यातून कळते.

वचनाच्या शेवटी त्या सर्पाचे नाव येते : नहुश्तान. हिब्रूत ‘नाहाश’ म्हणजे सर्प आणि ‘नेहोशेत’ म्हणजे तांबे किंवा कासे. दोन्हींचा ध्वनी या नावात मिसळला आहे. मात्र हे नाव कोणी दिले? क्रियापद एकवचनी आहे. कर्ता राजा मानला, तर ‘हा केवळ धातूचा तुकडा आहे’ असा तिरस्कार त्यात दिसतो. कर्ता अनिश्चित मानला, तर ते भक्तांनी दिलेले आदराचे नाव ठरते. एका क्रियापदावरून निंदा आणि भक्ती यांची अदलाबदल होते! अशा ठिकाणी मूळ भाषेला पर्याय नसतो. आपल्या मराठीलाही ही जाण नवी नाही. जॉन विल्सन यांनी कोकण-मुंबईच्या मराठीभाषक बेने इस्राएल समाजासाठी १८३२ साली मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले होते.

आता काळाचा प्रश्न. त्याच अध्यायातील एका नोंदीवरून हिज्कीयाचे राज्यारोहण इ.स.पू. ७२७ च्या सुमारास येते, तर दुसरीवरून ७१५ च्या सुमारास. शिवाय वचनातील क्रियापदांची रूपे हिब्रू कथनाच्या नेहमीच्या रूपांहून वेगळी असल्याने, ही यादी मागाहून घातली गेली असावी, असे काही अभ्यासक मानतात. ग्रंथकाराचा आदर्श राजा बहुधा पुढच्या शतकातील योशीया होता, ज्याची सुधारणा इ.स.पू. ६२२ ची मानली जाते. हिज्कीयाचे चित्र त्या आदर्शाच्या प्रकाशात रंगविले गेले असणे शक्य आहे.

मग कुदळ काय सांगते? बैर-शेबा येथे १९७३ साली योहानान अहारोनी यांच्या उत्खननात शिंगांच्या वेदीचे घडीव दगड एका कोठाराच्या भिंतीत बांधकामासाठी वापरलेले आढळले. त्यांतील एका दगडावर सर्प कोरलेला आहे. अराद येथील मंदिरही वापरातून काढून मातीखाली झाकलेले दिसते. अहारोनी यांनी बैर-शेबाची वेदी हिज्कीयाच्या सुधारणेशी जोडली. नादाव नामान यांच्यासारख्या इतिहासकारांनी अशा जोडणीविषयी शंका घेतली. वेदी मोडली गेली हे दगड सांगतात. कोणाच्या आज्ञेने, हे ते सांगत नाहीत.

सुधारणेला राजकीय बाजूही होती. इ.स.पू. ७२२ च्या सुमारास अश्शूरने उत्तरेचे इस्राएल राज्य बुडविले. त्यानंतर यरुशलेम झपाट्याने वाढले. नाहमान अविगाद यांना सापडलेली सुमारे सात मीटर रुंदीची तटबंदी याची साक्ष देते. पाणी आत आणणारा पाचशे मीटरांहून लांब बोगदाही सामान्यतः याच राजाचा मानला जातो. संकटकाळी सत्ता, धान्य आणि उपासना एका नगरात एकवटणे हे राज्याच्या सोयीचे होते.

इ.स.पू. ७०१ मध्ये सन्हेरीब चालून आला. त्याच्या शिलालेखात यहूदाची ४६ तटबंद नगरे जिंकल्याची नोंद आहे. तटाखाली उभा राहून त्याचा अधिकारी लोकांना विचारतो : ज्या देवावर तुम्ही विसंबता, त्याचीच स्थाने तुमच्या राजाने मोडली ना? हे भाषण ग्रंथकाराने रचलेले असो वा नसो, गावची वेदी गमावलेल्या सामान्य माणसाची शंका त्यात ऐकू येते. विजयी सुधारकाची स्तुती करणाऱ्या ग्रंथानेच ती जपून ठेवावी, ही त्या ग्रंथाची प्रांजलता आहे.

आणि हिज्कीयाचा पुत्र मनश्शे याने ती स्थाने पुन्हा उभारली, हेही तोच ग्रंथ सांगतो. राजाज्ञेने दगड फुटतो. श्रद्धा त्याच वेगाने बदलत नाही. म्हणून या वचनाला मी घटनेचे इतिवृत्तही म्हणणार नाही आणि कल्पितही म्हणणार नाही. एका समाजाने आपल्या पवित्र वारशातील काय ठेवावे आणि काय टाकावे, याविषयी चालविलेल्या दीर्घ वादातील ती एक साक्ष आहे. साक्ष काळजीपूर्वक ऐकावी आणि निकाल देण्याची घाई करू नये, एवढेच नम्रपणे सांगून मी आपली रजा घेतो.